आमनं कोन आयकस? लॉ कॉलेजांच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळातले सगळे भाऊ, आप्पा, नाना, दादा,

नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत ज्या ज्या संस्था एलएलबी चालवतात त्या सगळ्यांना मिळून हे एकच पत्र लिहितेय. कुणाचंच नाव घेणार नाहीये. नाव घेतलं की बाकीचे म्हणतात ते त्यांच्याकडचं, आपल्याकडे तसं नाही बुवा, आणि विषय तिथंच संपतो.

निमित्त असं की गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा रात्री साडेनऊला फोन आला. एलएलएम, सेट (प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा), चार वर्षं एका कॉलेजात तासिकेवर, म्हणजे तासागणिक पैशांवर, प्रशासकीय कायदा शिकवत होती. तिला ऑफिसातून क्लार्कचा फोन, मॅडम पुढच्या वर्षी येऊ नका. तिनं विचारलं कारण काय, तर तो म्हणे कारण मला कसं माहीत असणार, वरून आलंय. ती मला सांगताना हसत होती, कारण त्याच आठवड्यात तिनं सेकंड इयरला "सकारण आदेश" हा टॉपिक संपवला होता. म्हणजे कोणताही अधिकारी तुमच्याविरुद्ध निर्णय घेत असेल तर त्यानं का घेतला ते लिहून दिलं पाहिजे, हे तिनं ऐंशी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलं आणि तिला स्वतःला मिळाला तो एक मिनिटाचा फोन.

मी स्वतः चोवीस वर्षं हेच शिकवतेय. राज्यघटना एक, राज्यघटना दोन, आणि पोरं ज्याला "ॲडमिन" म्हणतात तो प्रशासकीय कायद्याचा पेपर. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत हे तिन्ही पेपर कंपल्सरी आहेत, त्यामुळं तुम्हाला कॉलेज चालवायचं तर हे शिकवणारा माणूस लागतोच, वगळता येत नाही. चोवीसपैकी नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, तीन वर्षं पूर्ण वेळ, आणि बाकी सगळी अकरा-अकरा महिन्यांच्या पत्रांवर. ही पत्रं मी एका प्लॅस्टिकच्या फाईलीत जपून ठेवलीत, प्रत्येकात तारीख बदललीय आणि स्पेलिंगच्या चुका मात्र त्याच आहेत.

पहिल्या वर्षाची एक गोष्ट सांगते. मी ऑडी आल्टरम पार्टम शिकवत होते, दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निर्णय नको. लॅटिन ऐकून पोरं नेहमीसारखी पाठ करायला लागली. मी म्हटलं याचं आपल्या भाषेत सांगा कोणीतरी. मागच्या बाकावरचा एक जण, अमळनेरकडचा, शेती करून शिकणारा, उठला आणि म्हणाला, "दुसरानं बी आयकी ल्या." वर्ग हसला, मी हसले नाही, कारण नैसर्गिक न्यायाचं इतकं सरळ भाषांतर मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी हेच वाक्य आधी आणि लॅटिन नंतर. परीक्षेत पोरं अहिराणीत लिहीत नाहीत एवढंच, लिहिलं असतं तर मी मार्क दिले असते.

आता तुमच्या इंटरव्ह्यूंबद्दल. माझ्या एका इंटरव्ह्यूला बोर्डावर जे गृहस्थ बसले होते त्यांचा जावई बाहेर बाकावर आमच्यासोबत बसला होता. जावयाचा नंबर आला तेव्हा सासरे चहा प्यायला बाहेर आले आणि त्याचं झाल्यावर परत आत गेले, आणि आम्हाला मात्र सगळ्यांना त्यांनीच प्रश्न विचारले. ही जवळजवळ क्रैपाकचीच स्टोरी आहे हो. 1969 चा ए. के. क्रैपाक विरुद्ध भारत सरकार, प्रत्येक लॉ कॉलेजात शिकवतात, तुमच्याही शिकवतात. भारतीय वनसेवेची निवड होती, जम्मू-काश्मीरचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक स्वतः उमेदवार आणि स्वतःच निवड मंडळावर. स्वतःचं नाव आलं तेव्हा ते उठले, पण त्यांच्या स्पर्धकांची नावं आली तेव्हा बसलेले होते. सुप्रीम कोर्टानं निवड रद्द केली. पक्षपात झालाच असं सिद्ध करायची गरज नाही, माणसाच्या मनाकडे बघता तो होण्याची वाजवी शक्यता दिसली तरी पुरे, हे त्या निकालाचं सार. मी इंटरव्ह्यूत हे सांगायला तोंड उघडलं होतं पण मग उघडलेलं तसंच बंद केलं. घरी दोन लहान पोरं होती, नोकरी हवी होती. ती मिळाली नाहीच, ती गोष्ट वेगळी.

दोन महिन्यांनी मी माहिती विचारली तर उत्तर आलं की उमेदवाराला "पुरेसा संशोधन अनुभव नाही". इंटरव्ह्यूच्या दिवशीच्या कागदावर असं काहीच नव्हतं हे मला नंतर कळलं, कारण मागाहून लिहिलं गेलं. यावर मोहिंदर सिंग गिल प्रकरण आहे, 1977 च्या डिसेंबरातला निकाल. आदेश काढताना जी कारणं दिली त्यावरच तो टिकला पाहिजे, मागून ॲफिडेव्हिटमध्ये नवीन कारणं जोडता येत नाहीत. न्या. कृष्णा अय्यर यांनी म्हटलं होतं की आदेश म्हणजे जुनी वाईन नव्हे, दिवस गेले की चांगली व्हायला. आमच्या पोरांना वाईन काय माहीत, मी त्यांना लोणच्याचं सांगते. लोणचं मुरतं, आदेश मुरत नाही.

तुम्ही म्हणाल मॅडम, आम्ही काय सरकार आहोत का, खाजगी संस्था आहे, हे सगळं कलेक्टरला लागू. हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. 1989 साली अंडी मुक्ता ट्रस्टच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की विद्यापीठाशी संलग्न कॉलेज चालवणारा खाजगी ट्रस्टसुद्धा सार्वजनिक काम करतोय, त्यानं कॉलेज बंद केलं तरी शिक्षकांचे थकलेले पैसे देण्यासाठी त्याच्यावर रिट, म्हणजे थेट हायकोर्टातली याचिका, चालेल. पण 2022 च्या सेंट मेरीज प्रकरणात कोर्टानं उलटी मर्यादाही आखली, की ज्या नोकरीच्या वादाला कुठल्या वैधानिक नियमाचा आधार नाही तो रिटमध्ये येत नाही. म्हणजे तुम्ही अगदीच मोकळे नाही आणि अगदीच बांधलेलेही नाही, मधे आहात. कॉलेज ट्रायब्युनलचा, म्हणजे शिक्षकांच्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा रस्ताही आहे. पण मला कोर्टात जायचंच नाहीये, मी तुम्हाला एवढंच विचारतेय की जो विषय शिकवायला तुम्ही माणूस ठेवता त्या विषयाचं पहिलं पान तुम्ही त्याच माणसाला लावत नाही, हे तुम्हाला रोज बघताना विचित्र वाटत नाही का?

पैशाचंही बोलते, पण थोडक्यात. तुमची अडचण मला माहीत आहे, अनुदान नाही, स्कॉलरशिपची रक्कम उशिरा येते, फी थकते. मान्य. पण 2016 च्या जगजीत सिंग निकालात कोर्टानं तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन म्हटलंय, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात, जिथं कंत्राटी माणसाला 30 हजार आणि त्याच कामाच्या कायम माणसाला सव्वा लाखाच्या वर, तिथं कोर्ट म्हणालं की समारंभात गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू म्हणून भागत नाही, गुरूला तसं वागवायलाही पाहिजे. ते सरकारी कॉलेजांचं होतं, तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही, कबूल. पण तुमच्या गॅदरिंगलाही तोच श्लोक होतो ना.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते आणि तुम्ही विसरता. कायदा शिकवणारा इतर प्राध्यापकांसारखा नसतो, त्याच्याकडे वकिलीची सनद असते. वकिलांना शिकवायची मुभा देणारे 1979 चे नियम आहेत, दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवा आणि प्रॅक्टिसही करा. पण पूर्ण वेळ पगारी झालात की सनद स्थगित करावी लागते. मी पूर्ण वेळ झाले तेव्हा तालुका कोर्टातली माझी बरी चाललेली प्रॅक्टिस बंद केली, जुनी पक्षकार मंडळी दुसऱ्याकडे गेली. तीन वर्षांनी तुम्ही सांगितलं पोस्ट राहिली नाही. प्रॅक्टिस गेली आणि नोकरीही गेली. सनद परत सुरू होते हो, फी भरली की, पक्षकार सुरू होत नाहीत. बारमधल्या टेबलावर माझ्या जागी कोण बसलं होतं ते सांगत नाही, चांगला मुलगा आहे.

आता जे मला खरं बोलायचंय ते. संशोधन.

तुम्ही दरवर्षी मीटिंगमध्ये विचारता, पेपर किती आले, पीएचडी किती झाल्या. नियमही सारखे फिरतात. 2018 च्या यूजीसी नियमांनी पीएचडी लागणार म्हणून सांगितलं, मग तारीख पुढं गेली, 2023 मध्ये परत नेट-सेट चालेल झालं. मान्य जर्नलांची यूजीसीची केअर यादी होती, फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं ती बंद केली. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे, पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून देतो. आणि आपल्यातल्या काही लोकांनी भरले. कारण अकरा महिन्यांच्या माणसाला पुढच्या पत्रासाठी काहीतरी दाखवायचं असतं. तुमच्या फाईलीत जे पेपर लागलेत त्यातले निम्मे कुणीच वाचलेले नाहीत, तपासणाऱ्यांनी तर नाहीच. यात मी स्वतःलाही सोडत नाही, माझाही एक तसला पेपर आहे, न्यायिक पुनर्विलोकनावर, त्यात नवीन एक ओळ नाही.

आणि गंमत अशी की या विषयाची एवढी मोठी प्रयोगशाळा आपल्या दारात असताना आम्ही वेड्न्सबरीच्या थेटरवर पेपर लिहितो! 1947 साली इंग्लंडमधल्या थेटरात रविवारी लहान पोरांना सोडायचं की नाही यावरून जो वाद झाला तो आमच्या सगळ्या पोरांना पाठ आहे. शिकवला पाहिजेच, मी शिकवते. पण नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके अख्खे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या वेगळ्या व्यवस्थेत आहेत, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेरमध्येही अनुसूचित गावं आहेत, 1985 चा राष्ट्रपतींचा आदेश काढून बघा. राज्यपालांना त्या भागात संसदेचा कायदासुद्धा बदलून लावता येतो. आणि बदललाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलजमीन कसणाऱ्यांच्या दाव्यांवर जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता, मे 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रापुरतं त्यावर विभागीय समितीकडे अपील दिलं. देशातल्या भल्या भल्या लॉ युनिव्हर्सिट्यांत ज्यावर चर्चा होईल अशी गोष्ट आपल्या एसटीच्या शेवटच्या स्टॉपवर घडतेय आणि आपल्या लायब्ररीत त्याचं नोटिफिकेशनसुद्धा नाही.

माझी पीएचडी याच दाव्यांवर. दावा फेटाळला तर सविस्तर कारणं द्या आणि दावेदाराला प्रत्यक्ष कळवा, हे 2012 पासून नियमांतच लिहिलंय. मी एका तालुक्यातले फेटाळलेले दावे बघायला गेले, त्या कचेरीत तीन दिवस बसून फाईली वाचल्या. फाईलीमागून फाईल एकच ओळ, "पुरावा अपुरा". काही ठिकाणी तर ओळही नाही, शिक्का. कोणता पुरावा दिला होता, त्यातलं काय अपुरं, काही नाही. एक म्हातारे बाबा बाहेर बसले होते, त्यांच्याकडे जुनी दंडाची पावती होती, वनखात्यानं अतिक्रमण म्हणून फाडलेली, म्हणजे तेव्हा ते तिथं कसत होते याचा खात्यानंच दिलेला पुरावा, नियमांत तसला कागद चालतो. ती फाईलीत लागलेलीच नव्हती. मी त्यांना विचारलं तुम्हाला बोलावलं होतं का, ते म्हणाले, "आमनं कोन आयकस ताई?"

2019 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं 13 तारखेला फेटाळलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला आणि 28 ला तो थांबवला, त्या पंधरा दिवसांत सातपुड्यात काय धाकधूक होती ते मी पाहिलंय. त्या थांबवण्यामागचा मुद्दाही हाच होता, दावे फेटाळताना पद्धत नीट पाळली का. म्हणजे "कारण द्या" हा सुप्रीम कोर्टापासून अक्राणीपर्यंत एकच प्रश्न. हा अभ्यास करायला मला सात वर्षं लागली, कारण त्यात दोनदा नोकरी गेली आणि एकदा मिळाली. सलग जागा असती तर तीन वर्षांत झाला असता. आणि ज्यांचे दावे होते त्यांना जिल्हा समितीकडे साठ दिवसांत अपील करायचं असतं, माझ्या सात वर्षांचा त्यांना काय उपयोग?

नर्मदा केस शिकवतानाचं एक सांगते. 18 ऑक्टोबर 2000 चा निकाल, दोन विरुद्ध एक, सरदार सरोवर धरण पुढं जाऊ द्या. मी बहुमत सांगितलं, न्या. भरुचा यांचं भिन्नमत सांगितलं, 1979 च्या लवादानं जमिनीच्या बदल्यात जमीन आणि बुडण्याआधी पुनर्वसन म्हटलं होतं ते सांगितलं, महाराष्ट्रातली 33 गावं जातात ते सांगितलं. तास संपला. एक मुलगा थांबला आणि म्हणाला मॅडम, त्या तेहतीसमधलं एक आमचं, मी वसाहतीत जन्मलो. मला इतकी वर्षं ही केस शिकवताना लक्षातच आलं नव्हतं की 33 हा आकडा माझ्या वर्गात बसलेला असू शकतो. पुढच्या तासाला मी त्याला उभं केलं आणि पुनर्वसनाची जमीन वाटताना काय काय होतं ते त्यानं अर्धा तास सांगितलं, तक्रार कुठं करायची, कोणाच्या सहीसाठी किती खेपा. प्रशासकीय कायद्याचा तेवढा चांगला तास मी आजवर घेतलेला नाही. तो लिहून काढायला सांगितलं होतं त्याला. परीक्षा आली, मग माझं पत्र संपलं, मग मी दुसऱ्या गावी. राहिलं ते राहिलंच.

जात पडताळणीचंही तेच. 1994 चा माधुरी पाटील निकाल, छाननी समित्या, दक्षता पथक हे सगळं शिकवताना समोर टोकरे कोळी समाजाची पोरं बसलेली असतात, त्यातल्या कोणाची ना कोणाची व्हॅलिडिटी अडकलेलीच. ती पोरं मला प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न कुठल्याच गाईडमध्ये नसतात.

कधीकधी वाटतं आपल्याला आपल्याच जागेची किंमत नाही. फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच अधिवेशनात 1935 चा कायदा नाकारून घटना समितीची मागणी पुन्हा मांडली गेली, हे कितीजण सांगतात? राज्यघटना आम्हीच लिहू हे यावल तालुक्यातल्या केळीच्या मुलखात ठणकावून सांगितलं गेलं. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर 31 जुलैला यात्रा भरते, कारण 1937 मध्ये बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते तेव्हा तिथं थांबले होते. आणि प्रादेशिक विकास मंडळांच्या कलम 371(2) मध्ये विदर्भ आहे, मराठवाडा आहे, आणि आपण "उर्वरित महाराष्ट्र", पुण्या-मुंबईच्या पंगतीत. ती वैधानिक विकास मंडळं 1994 ला आली, एप्रिल 2020 ला मुदत संपली. खान्देशाला त्यातून काय मिळालं यावर एक धड प्रबंध आपल्याकडच्या कोणी लिहिलेला मी पाहिलेला नाही. मराठवाड्यातले लोक लिहितात, विदर्भातले तर भरभरून लिहितात. आपण भरीत पार्टी करतो. (भरीताला माझा विरोध नाही.)

तर मागणं काय. फार नाही. राज्यघटना आणि प्रशासकीय कायदा या दोन विषयांना मिळून प्रत्येक कॉलेजात एक तरी सलग, पूर्ण वेळ जागा ठेवा, पाच वर्षांची का होईना, म्हणजे माणसाला एखादी फाईल शेवटपर्यंत वाचता येईल. डेटाबेसचे पैसे नसतील तर सोडा, 2023 पासून सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या वेबसाइटवर फुकट आहेत, काही मराठीतही आहेत, फक्त लायब्ररीतला कॉम्प्युटर चालू असू द्या आणि त्याची किल्ली ग्रंथपालाच्या खिशात नको. प्रांत आणि तहसीलच्या सुनावण्यांना पोरांना घेऊन जायची परवानगी मागितली की "जबाबदारी कोणाची" म्हणून पत्र अडवू नका, मी लिहून देते, माझी. आणि इंटरव्ह्यूच्या बोर्डावर ज्याचा कोणी बाहेर बसला असेल त्यानं त्या दिवशी पूर्ण दिवस घरी थांबावं, चहापुरतं बाहेर येऊ नये.

बाकी राहिलं कारण. ज्याला घेतलं नाही त्याला दोन ओळी लिहून द्या, का नाही घेतलं. चुकीच्या असल्या तरी चालतील, निदान वाद घालायला काहीतरी हातात राहील.

आता जूनमध्ये परत जाहिराती येतील. मी अर्ज करणार नाहीये, माझं जे चाललंय ते चालू दे. पण वर सांगितलेली ती मुलगी करणार आहे, तीन ठिकाणी. ती तळोद्याहून पहाटेच्या एसटीनं येते, इंटरव्ह्यूची वेळ अकराची देऊन चार वाजेपर्यंत बसवू नका. आणि घेतलं नाही तर ती कारण विचारेल, हे मी आत्ताच सांगून ठेवते. गिल तिला माझ्यापेक्षा चांगला येतो.

तुमचीच,
प्रशासकीय कायद्याची एक मास्तरीण